टोपलीची पारख

मासिकाच्या संपादकांस टोपलीचा एकच उपयोग ठाऊक असतो, आणि तो लेखकवर्गास फारसा प्रिय नाहीं. नापसंत लेखाला जी दाखविली जाते ती केराची टोपली. एवढाच काय तो टोपलीचा व मराठी वाङ्मयाचा चालू संबंध. ह्या टोपलीनें किती लेख गिळले ह्याचा हिशेब कोणीं ठेवला नाहीं; परंतु खुद्द टोपलीवर लेख कां लिहिला जाऊं नये, हा प्रश्न विचारण्यासारखा आहे. चित्र, शिल्प, गायन, नाट्य ह्यांची चिकित्सा करणारे रसिक आपल्यांत आहेत. पैठणीच्या पदराविषयीं व बिदरी कामाविषयीं आदरानें बोलणारेही आहेत. पण वेळूची दुरडी किंवा तुराटीची कणगी हा टीकेचा विषय होऊं शकतो असें म्हणतांच सुशिक्षित मनुष्य स्मित करतो. त्या स्मितास उत्तर देण्याचा हा प्रयत्न आहे. आम्ही नांदेड व लातूर ह्या दोन जिल्ह्यांपुरतेंच बोलणार आहों. कारण तेथील टोपल्या आम्हीं वापरल्या आहेत, आणि जी वस्तु कधीं हाताळली नाहीं तिच्यावर टीका करूं नये, हा नियम निदान टोपलीच्या बाबतींत तरी पाळला जावा.

प्रथम कर्त्यांची ओळख करून घेऊं. ह्या भागांत टोपल्या विणणारे मुख्यतः दोन: बुरूड आणि कैकाडी. बुरूड पेठेंत किंवा मोठ्या गांवांत घर करून राहणारा. त्याचा माल वेळूचा. कैकाडी पूर्वीं गाढवांवर बिऱ्हाड लादून गांवोगांव फिरणारा. त्याचा माल तुराटी, पऱ्हाटी, निरगुडी, तरवड, म्हणजे पीक निघाल्यावर शेतांत अगर ओढ्याकांठीं जें उरेल तें. दोघांच्या विणींत जो भेद आहे तो ह्या मालामुळेंच पडला आहे. वेळू चिरतां येतो. चिरला म्हणजे त्याच्या सपाट पट्ट्या आणि बारीक काड्या निघतात. म्हणून बुरुडाची वीण एकीखालून एकीवरून जाणारी, चटईच्या कुळांतली. फोक चिरीत नाहींत. तो ओला असतां वांकवावा लागतो आणि गोलचा गोलच राहतो. म्हणून कैकाडी उभ्या काड्यांभोंवतीं फोकांची जोडी पिळीत पिळीत नेतो; त्याची वीण दोरीच्या कुळांतली. बुरुडाच्या टोपलीचें अंग गुळगुळीत, तर कैकाड्याच्या पाटीचें अंग खडबडीत असतें. ह्यांतील एक सुबक व दुसरें ओबडधोबड असा निकाल वरवर पाहणारा चटकन देतो. पण तो निकाल मालावर झाला, कामावर नव्हे. तुराटीला रेशमाची अपेक्षा धरणें हा परीक्षणाचा दोष आहे.

टोपलीची परीक्षा ती कशासाठीं विणली आहे ह्यापासून सुरू झाली पाहिजे. वरवर पाहतां घट्ट वीण चांगली व सैल वीण वाईट असें वाटतें. परंतु सूप आणि रोवळी शेजारीं ठेवून पाहिलीं म्हणजे हा नियम तेथल्या तेथें मोडतो. सुपांतून एक दाणाही खालीं गळतां कामा नये. रोवळींतून पाणी क्षणांत निघून गेलें पाहिजे, आणि तांदूळ मात्र राहिला पाहिजे. दुरडी ह्या दोहोंच्या मध्यें आहे. तव्यावरून निघालेली ज्वारीची भाकर तिच्यांत ठेवली असतां वाफ बाहेर गेली पाहिजे, नाहीं तर भाकर घामेजते; पण ती लवकर वाळतांही उपयोगी नाहीं. कोंबड्यांच्या डालाला मनगट जाईल एवढीं भोंकें असतात व तींच त्याची शोभा होय. सारांश, टोपलींत काड्यांइतकेंच महत्त्व काड्यांमधील मोकळ्या जागेला आहे. छिद्रान्वेषी टीकाकार म्हणून ज्याची निंदा होते त्याला ह्या एका कलेंत मानाचें स्थान आहे. कारण छिद्र किती व कोठें, हाच येथें खरा प्रश्न असतो.

सुपाविषयीं थोडें अधिक सांगावयास हवें. आमच्या मतें बुरुडाच्या कसबाचा कस तेथें लागतो. सुपाच्या तीन बाजूंस कांठ उभा असतो, चौथी मोकळी. पाखडणें, आसडणें व घोळणें हीं तिन्ही कामें त्याच एका पसरट पोटांत व्हावयाचीं असतात. पोट फार सपाट झालें तर दाणा पुढें धांवतो व कोंड्याबरोबर जमिनीवर जातो. फार खोल झालें तर कोंडा आंतच घोटाळतो. मागचा कांठ वजन पेलण्याइतका कणखर हवा, पण पुढची कड इतकी पातळ हवी कीं हलका कोंडा तिच्यावर न अडखळतां उडून जावा. ह्यासाठीं वेळूच्या बाहेरच्या सालीची काडी कोठें घालावी व आंतल्या गाभ्याची कोठें, ह्याचा निर्णय विणण्यापूर्वींच करावा लागतो. साल चिवट असते, गाभा लवकर मोडतो. ओझें जेथें येणार तेथें सालीची काडी घालणें हा प्रामाणिकपणा, आणि तेथें गाभ्याची काडी घालून वर रंग देणें ही लबाडी. लग्नाच्या दुरड्यांवर जांभळ्या-हिरव्या पट्ट्या घालण्याची चाल आहे. पट्टी मूळच्या विणींतच बसविलेली असली तर ती डोळ्यांना गोड वाटते. अलीकडे मात्र बाजारांत सैल विणीवर रंगाचें पांघरूण घातलेल्या दुरड्या पुष्कळ दिसतात. त्यांची स्तुति करणें आम्हांस शक्य नाहीं. अलंकारानें दोष झांकणें साहित्यांत जितकें वाईट, तितकेंच दुरडींतही वाईट.

कैकाड्याची उत्तम कृति म्हणजे कणगी. माणसाच्या छातीला लागेल एवढी उंच, पोटाशीं फुगलेली, तोंडाशीं आवळलेली. आंतून-बाहेरून शेणमातीनें लिंपलेली. आंत भरलेल्या ज्वारीचा भार नुसता खालीं पडत नाहीं, तो चोहोंकडे रेटतो. चौकोनी कणगी केली तर कोपऱ्यांवर ताण येऊन ती तेथेंच फाटेल; गोल पोटांत तो भार सर्व काड्यांत सारखा वांटला जातो. हें गणित कैकाड्यानें शाळेंत शिकलेलें नसतें, पण त्याच्या कणगीच्या पोटाची रेघ पाहिली म्हणजे त्याला तें येत नव्हतें असें म्हणण्याचें धाडस होत नाहीं. आणखी एक गोष्ट ध्यानांत घेण्यासारखी आहे. ज्या शेतांतील तुराटीची ती कणगी, बहुधा त्याच शिवारांतील धान्य तिच्यांत पडत असे. शेतानें एका हातानें धान्य दिलें व दुसऱ्या हातानें तें ठेवावयाचें भांडें दिलें, असा तो मेळ होता.

आतां आमच्या मुख्य मुद्द्याकडे वळूं. हें जें परीक्षण आम्ही शब्दांत मांडीत आहों तें आमचें नव्हे. तें ह्या दोन जिल्ह्यांतील घरोघरच्या बायकांचें आहे. आठवडी बाजारांत म्हातारी बाई सूप घेतांना आम्हीं अनेकदां पाहिली आहे. ती किंमत विचारीत नाहीं. आधीं रिकामें सूप दोनदां उडवून पाहते, मग तळहात पोटावरून फिरविते व कूस लागते कीं काय तें बघते, मग कांठाचे बंद अंगठ्यानें दाबते, आणि शेवटीं तें जमिनीवर ठेवून त्याला एका बाजूनें टिचकी मारते. एवढें झाल्यावर ती एकच शब्द बोलते, आणि तो बहुधा प्रतिकूल असतो. विणणारीही गप्प बसत नाहीं. वाद होतो, कांठ पुन्हां आवळला जातो, मग दराची गोष्ट निघते. मार्गशीर्ष अमावास्येला, म्हणजे येळवसेला, डोक्यावर भाकरी-भज्जीचें टोपलें घेऊन बांधाबांधानें शेत गांठणाऱ्या बाईला टोपल्याचें बूड एका बोटानें कलतें आहे हें मानेनें कळत असे. अशा मानेची आणि अशा तळहाताची दाद मिळविण्यासाठीं बुरूड विणीत होता. कला जगते ती केवळ कारागिराच्या बोटांवर नव्हे. दोष काढणाऱ्या गिऱ्हाइकावरही जगते. कारागीर मेला तर त्याचा मुलगा बसतो. पण पारखी गिऱ्हाईक मेलें म्हणजे मुलानें चांगलें कां विणावें ह्याला कारणच उरत नाहीं.

येथें वाचक म्हणेल कीं जुन्या गांवाचें हें गोड चित्र झालें. तसें चित्र काढण्याची आमची इच्छा नाहीं, आणि अधिकार तर मुळींच नाहीं. आमच्या आजोळीं वर्षांतून दोनदां बुरडीण येई. सूप, दुरडी, रोवळी ओट्याच्या खालीं मांडून ती उन्हांत बसे. पारख चाले, वाद चाले, आणि दाम म्हणून ज्वारी तिच्या पदरांत वरून टाकली जाई. ती पाणी मागे तेव्हां तेंही तिच्या ओंजळींत वरूनच घातलें जाई. मूल जन्मलें कीं तें सुपांत घालीत तें सूप तिनें विणलेलें. देवीच्या आराधिणी जी परडी घेऊन जोगवा मागत ती तिच्या हातची. आणि माणूस गेला म्हणजे ज्या ताटीवरून त्याला नेत तिचा वेळूही तिच्याच घरचा. तिच्या दुरडींतील भाकर देवाला चालत होती, तिच्या हातचें पाणी माणसाला चालत नव्हतें. ज्या आजीनें आम्हांस चांगलें सूप कोणतें हें शिकविलें तिनेंच हेंही शिकविलें. वस्तूची इतकी सूक्ष्म पारख आणि कर्त्याचा इतका सरसकट अनादर एकाच घरांत, एकाच ओट्यावर नांदत होता. टोपलीवर टीका लिहिणाऱ्यानें ही गोष्ट गाळली तर त्याची टीका लबाडीची होईल.

कैकाड्यांच्या वांट्याला तर ह्याहूनही कठीण दिवस आले. इंग्रजी मुलखांत १८७१ सालापासून ज्या कायद्यानें जमातीच्या जमाती जन्मतःच गुन्हेगार ठरविल्या, त्याच्या कचाट्यांत तेही सांपडले. तो कायदा १९५२ सालीं रद्द झाला, पण संशय रद्द झाला नाहीं. पुढें अनुसूचित जातींच्या यादींत कैकाड्यांचें नांव घातलें गेलें तें विदर्भांतील जिल्ह्यांपुरतें. मराठवाड्यांत ते विमुक्त जातींत गणले गेले. म्हणजे पैनगंगेच्या यवतमाळच्या कांठावर फोक पिळणारा एक, आणि किनवट-माहूरच्या कांठावर तोच फोक तसाच पिळणारा त्याचा भाऊबंद दुसरा! विणींत जो भेद कोणास दाखवितां येणार नाहीं तो कागदानें दाखविला.

आपल्या वाङ्मयानें ह्या लोकांकडे कसें पाहिलें? त्रिंबक नारायण आत्रे ह्यांच्या ‘गांवगाडा’ ह्या १९१५ सालच्या ग्रंथाचें मोल आम्ही जाणतों. गांवाच्या व्यवहाराचें तितकें बारीक निरीक्षण मराठींत दुर्मिळ आहे. परंतु फिरस्त्यांकडे तो पाहतो तो कुणब्याच्या खळ्यावर पडणारा भार म्हणून. त्याच लेखकाच्या दुसऱ्या पुस्तकाचें ‘गुन्हेगार जाती’ हें नांवच त्याची दृष्टि सांगून जातें. टोपली विकत घेणाऱ्याच्या ओट्यावरून हें सर्व लिहिलेलें आहे. ओट्याच्या खालून लिहिलेलें पुस्तक येण्यास पुढें पासष्ट वर्षें लागलीं. लक्ष्मण माने ह्यांचें ‘उपरा’ १९८० सालीं प्रसिद्ध झालें आणि दुसऱ्याच वर्षीं त्यास साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. त्याची भूमि साताऱ्याकडची आहे, मराठवाड्याची नव्हे. पण गाढवांवरचें बिऱ्हाड, विणलेला माल घेऊन गांवोगांव फिरणें, आणि त्या फिरण्यांतून मुलाला शाळेंत घालण्याचा बापाचा हट्ट, हें चित्र पैनगंगेकांठच्या कैकाड्यासही परकें नाहीं. ‘उपरा’मध्यें टोपली ही कलावस्तु म्हणून येत नाहीं, ती भूक म्हणून येते. ह्यांत लेखकाचें कांहीं चुकलें नाहीं. उपाशी माणसानें आपल्या विणीचें कौतुक करीत बसावें अशी अपेक्षा आम्ही करीत नाहीं. आक्षेप असलाच तर तो आम्हां वाचकांवर आहे. आम्हीं त्या पुस्तकांतील पोट पाहिलें, आणि तें पाहणें योग्यच होतें. पण त्या पोटाबरोबरच जे हात होते त्यांना काय येत होतें हें विचारावयास आम्ही विसरलों. दयेनें पाहिलें म्हणजे पूर्ण पाहिलें असें होत नाहीं.

हात आणि माणूस ह्या दोहोंचा एकत्र आदर ह्या भूमींत कधींच झाला नाहीं असें मात्र नव्हे. वारकऱ्यांच्या संतमेळ्यांत कुंभार, माळी, सोनार, शिंपी, न्हावी आहेत. वेळू चिरणाऱ्याला तशी जागा मिळाली ती लातूरच्या सीमेला लागून असलेल्या बसवकल्याणांत. बाराव्या शतकांत बसवेश्वरांच्या भोंवतीं जमलेल्या शरणांत मेदार केतय्या हे टोपल्या विणणारे होते व त्यांचीं वचनें कन्नडांत आजही वाचलीं जातात. उदगीर, निलंगा, अहमदपूर हे तालुके १९५६ पर्यंत बिदर जिल्ह्यांतच मोडत. तेव्हां कल्याण ही त्या लोकांना दूरची गोष्ट नव्हती. काम हीच पूजा असें मानणाऱ्या मंडळींत बुरुडाला ओट्याखालीं बसावें लागलें नाहीं. ही आठवण असूनही ओटा टिकला, हा आमचा इतिहास.

असो. आतां ह्या वस्तूंचें आजचें मान काय तें पाहूं. लातूरच्या काळ्या जमिनींत ज्वारीची जागा पुष्कळ अंशीं सोयाबीननें घेतली. सोयाबीन घरांत ठेवावयाचें पीक नव्हे. तें गोणींत भरलें जातें आणि मोंढ्यावर जातें. ज्याला घरांत धान्यच ठेवावयाचें नाहीं त्याला कणगी कशाला? सूप, टोपलें, रोवळी ह्यांच्या जागीं प्लॅस्टिक आलें. त्याची निंदा आम्ही करणार नाहीं. तें धुतां येतें, त्याला कीड लागत नाहीं, त्याची कूस बोटांत जात नाहीं, आणि तें स्वस्त पडतें. वेळूची गोष्टही सोपी राहिली नाहीं. १९२७ च्या जंगल कायद्यानें वेळूला झाडांत काढलें, तें खासगी जमिनीपुरतें बदलावयास २०१७ साल उजाडलें. तोंपर्यंत वनस्पतिशास्त्र ज्याला गवत म्हणतें त्याला कायदा झाड म्हणत राहिला, आणि त्या दोघांच्या वादांत बुरुडाचा कोयता अडून बसला. हीं सर्व कारणें खरीं आहेत. परंतु आम्हांस अधिक भय वाटतें तें दुसऱ्याच गोष्टीचें. प्लॅस्टिकचीं सुपें सर्व एकसारखीं असतात. त्यांतील एक उडवून पाहण्याचें कारण नसतें. त्यामुळें जिच्या हातीं तें सूप आलें तिच्या तळहाताची विद्या एका पिढींत पुसली जाते. उद्यां वेळूचें सूप तिनें हौसेनें घेतलें तरी तें बरें कीं वाईट हें तिला सांगतां येणार नाहीं. आपल्या भाषेंत मन न लावतां केलेल्या कामाला पाट्या टाकणें म्हणतात. पाटी विणणाऱ्यानें कधीं पाट्या टाकल्या नाहींत, कारण पाहणारें कोणी होतें. पाहणारें गेलें म्हणजे तो वाक्प्रचार विणणाऱ्यालाही लागू होईल.

ह्या बाबतींत दूरचें एक उदाहरण बोधप्रद आहे. उत्तर अमेरिकेंत कॅलिफोर्नियाच्या डोंगरांत राउंड व्हॅली नांवाचें खोरें आहे; तेथें युकी लोकांची वस्ती. त्यांची एक पद्धति आपल्या दोन्ही विणींहून निराळी आहे. काड्यांची गुंडाळी, आपल्या चुंबळीसारखी, फेऱ्यावर फेरा चढवीत न्यावयाची, आणि प्रत्येक फेरा टोंच्यानें भोंक पाडून खालच्या फेऱ्याला शिवावयाचा. असली टोपली विणण्यापेक्षां शिवली जाते म्हणणेंच बरें. कॅलिफोर्नियांतील लोक अशा घट्ट टोपल्यांत पाणी घालून, त्यांत तापलेले दगड टाकून ओकच्या फळांच्या पिठाची लापशी शिजवीत. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धाच्या आरंभीं गोऱ्या वसाहतवाल्यांनीं ह्या युकी लोकांची भयंकर कत्तल केली. उरलेल्यांच्या टोपल्या पुढें पदार्थसंग्रहालयांत गेल्या, आणि १९२५ सालीं क्रोबर नांवाच्या पंडितानें तेथील सर्व जमातींवर मोठा ग्रंथ लिहिला, त्यांत युकींनाही जागा मिळाली. म्हणजे तेथें माणसें गेल्यावर वस्तु कपाटांत बसली. आमच्याकडे माणसें आहेत, पण वस्तु उकिरड्यावर निघाली. तेथें वापर जाऊन दाद आली. येथें वापर होता तोंवर कर्त्याला मान नव्हता. दोन्ही रीतींत कांहींतरी तुटलेंच. मात्र त्याच प्रदेशांतील शेजारच्या पोमो जमातीच्या एल्सी ॲलन ह्या विणकर बाईनें १९७२ सालीं स्वतःच्या नांवानें विणीवर पुस्तक प्रसिद्ध केलें. विणणारीच टीकाकार झाली. आम्हांस वाट दिसते ती ह्या दिशेनें.

ह्याचा अनुभव आम्हांस नुकताच आला. लातूरच्या गंजगोलाईंत, जेथें सोळा रस्ते येऊन मिळतात, तेथें एका कडेला सुपें मांडून एक बाई बसली होती. आजीचें स्मरण करून आम्हीं एक सूप उचललें, उडविलें, कांठ दाबला, टिचकी मारली, आणि पसंत म्हणून पैसे पुढें केले. बाईनें पैसे घेतले नाहींत. तिनें तें सूप आमच्या हातून काढून घेतलें, उलटें धरलें, आणि पुढच्या कडेच्या खालीं एक काडी बोटानें दाखविली. ती गाभ्याची होती. घाईंत बसली, असें ती म्हणाली, आणि ढिगांतून दुसरें काढून दिलें. किंमत तीच. तो दोष आम्हांस जन्मांत दिसला नसता, हें तिला आमच्या टिचकीवरूनच कळलें असावें.

गांवची पारख मेली तरी विणणाऱ्याच्या मनांतील पारख अजून जिवंत आहे, हें त्या दिवशीं आम्हांस समजलें. कोणी पाहणारा नसतांही ती पाहते आहे. आम्हां टीकाकारांचें काम आतां तिला शिकविण्याचें नव्हे आणि तिची कींव करण्याचेंही नव्हे. ओट्यावरून खालीं उतरून तिच्या शेजारीं बसावें, आणि ती काडी तिला कशी दिसली हें विचारावें. सूप आमच्या घरीं आहे. तें चांगलें आहे, हें आम्ही तिच्या शब्दावर सांगतों.